पटाशी कोणाच्या हाती?

उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिरापासून पायी दहा मिनिटांवर एक गल्ली आहे. रविवारी सकाळी तिथे गेलात तर एका घराच्या ओट्यावरून ठक् ठक् असा आवाज ऐकू येतो. पत्र्याच्या शेडखाली, जुन्या पोत्यावर, सत्तरीचे एक गृहस्थ बसलेले असतात. दोन पायांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, डाव्या हातात पटाशी, उजव्या हातात मोगरी आणि अवतीभवती ढलप्यांचा सडा. गल्लीतली पोरे त्यांना नुसते 'काका' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

मागच्या महिन्यात आम्ही तिथे बसलेलो असताना एक तरुण मोटारसायकल थांबवून विचारू लागला, "सुताराचं घर हेच का? दाराची चौकट सैल झाली, दाखवायची होती." काका हसले. म्हणाले, "चौकट बघतो बाबा, पण हे सुताराचं घर नाही. जयभीमवाल्याचं आहे." तो तरुण क्षणभर गोंधळला. जयभीमवाल्याच्या हातात पटाशी कशी, हा प्रश्न त्याने तोंडाने विचारला नाही, पण चेहऱ्यावर तो स्पष्ट दिसत होता.

वाचकहो, आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नावर आहे.

गावगाड्यात लाकूडकाम सुताराचे, लोखंड लोहाराचे, मडके कुंभाराचे अशी वाटणी होती. ही वाटणी आवड पाहून झाली नव्हती, जन्म पाहून झाली होती. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' प्रबंधात जातिव्यवस्थेच्या या समर्थनाची चिरफाड केली. ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हा त्यांचा सिद्धांत आपल्याला पाठ आहे. पण त्याचा एक अर्थ आपण फारसा ध्यानात घेत नाही. सुताराच्या पोराला सुतारकीतून बाहेर पडण्याची मुभा नव्हती आणि महाराच्या पोराला सुतारकीत शिरण्याची मुभा नव्हती. म्हणजे या व्यवस्थेने फक्त जमीन, पाणी आणि अक्षर हिरावले असे नाही. हाताची हौससुद्धा हिरावली.

आमच्या बापजाद्यांच्या वाट्याला लाकूड आले नाही असे नाही. पाटलाच्या वाड्यावर सरपण फोडायला आले, डोक्यावर मोळी म्हणून आले, दुसऱ्याच्या मयताला लाकडे वाहून न्यायला आले. कुऱ्हाड आली, पण पटाशी आली नाही. लाकूड फोडायचे काम आमचे आणि लाकूड घडवायचे काम दुसऱ्याचे. कुणाच्या मनात एखादा बैल, एखादे पाखरू कोरावे असे आलेच असेल, तर वेळ कुठे होता? वतनाच्या नावाखाली अष्टौप्रहर गावाची चाकरी. त्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ती बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्या माणसाचा दिवस स्वतःचा नाही, त्याला छंद कुठला?

छंद हा शब्द आपल्याकडे हलका मानतात. रिकामपणाचा उद्योग म्हणतात. पण रिकामपण ही किती मोठी कमाई आहे हे बाबासाहेबांनी ओळखले होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची तपासणी करताना यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती शक्य नाही आणि फुरसत नसलेल्या माणसाचे जिणे जनावराच्या जिण्याहून फार वेगळे राहत नाही, अशी त्यांची मांडणी होती. ते नुसते लिहून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती आणली. १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराच्या आठवड्यातले हे सहा तास कुठून आले, हे रविवारी निवांत चहा पिताना आपण आठवतो का? स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकू लागले होते, कुंचलाही हाती धरत होते. डोंगराएवढे काम अंगावर असलेला माणूस हे करतो, म्हणजे त्यात काही अर्थ असला पाहिजे.

आता काकांच्या हातात पटाशी कशी आली ते सांगतो. ते जालना बाजूच्या एका खेड्यातले. दहावीनंतर पुढे काय, हे सांगणारे घरात कुणी नव्हते. सत्तरच्या दशकात ते या शहरात आले आणि आयटीआयमध्ये राखीव जागेवर 'कारपेंटर' ट्रेड मिळाला. इलेक्ट्रिशियन हवा होता, तो भरला होता. "आधी रडलो," काका सांगतात. "वाटलं, शिकायला आलो अन् पुन्हा खालीच बसवलं. पण पहिल्या दिवशी मास्तरनं रंधा हातात दिला. जात विचारली नाही. नुसतं म्हणाले, धार बघ." शेकडो वर्षे जातीच्या कुलुपात असलेले हत्यार एका सरकारी शाळेच्या टेबलावर कुणाच्याही हाती देण्यात आले, ही साधी गोष्ट नाही. आरक्षण म्हटले की लोकांना नोकरी आणि मेडिकल आठवते. आरक्षणाने पटाशीसुद्धा दिली आहे.

पुढे काकांना एका कारखान्यात नोकरी लागली. कंपनीचे नाव कशाला हवे? पॅकिंग विभागात पस्तीस वर्षे त्यांनी यंत्रांसाठी लाकडी खोकी ठोकली. माप तेच, खिळा तोच, खोके तेच. "लाकूड रोज हातात होतं, पण कधी बघितलं नाही," असे ते म्हणतात. निवृत्तीनंतर भंगारवाल्याकडे पाइनच्या खोक्यांच्या फळ्या रचून ठेवलेल्या दिसल्या, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा लाकडाच्या रेषांकडे नीट पाहिले. चार फळ्या घरी आणल्या. ती सुरुवात.

पहिली वस्तू केली ती पिंपळपान. दुसरी हत्ती, त्याची सोंड मोडली. तिसरी बुद्धाचा चेहरा, त्याचे नाक उडाले. काका हे अपयश लपवत नाहीत. ते मोडके नमुने ओट्याच्या कोनाड्यात ओळीने मांडून ठेवले आहेत, शिकायला येणाऱ्या पोरांसाठी. नाक का उडाले? पटाशी लाकडाच्या रेषेच्या उलट चालवली म्हणून. लाकडाला दिशा असते. त्या दिशेने गेले तर ढलपी कागदासारखी निघते, उलट गेले तर फाटते. शिवाय नाक हा चेहऱ्याचा सर्वांत उंच भाग, म्हणून तिथले लाकूड आधी जास्तीचे राखून ठेवायचे आणि बाकीचा चेहरा खाली न्यायचा. घाईने नाक आधी कोरायला गेले की नुकसान झालेच. कापलेले लाकूड परत चिकटत नाही. पाटीवरचे पुसता येते, लाकडावरचे नाही.

कोणते लाकूड घ्यावे, हेही काकांकडून ऐकण्यासारखे आहे. शिवणीचे लाकूड कोरायला उत्तम, हलके असून तडकत नाही. सागवान टिकते, पण महाग, म्हणून जुन्या चौकटीचे, खिडकीचे तुकडे शोधायचे. कडुनिंब आपल्याकडे भरपूर, कोरायला बरा आणि कडूपणामुळे कीड कमी लागते. आंबा स्वस्त, पण त्याला किडा लवकर धरतो. बाभूळ टणक, नवशिक्याने नाद करू नये. पांगारा फार हलका. ओले लाकूड कोरले तर वाळताना चिरते, म्हणून सावलीत महिनोन्‌महिने वाळू द्यायचे. काम झाले की घासकागद आणि त्यावर जवसाच्या तेलाचा हात. हत्यारे म्हणाल तर चार-पाच पटाश्या, त्यात एक-दोन गोल तोंडाच्या, एक मोगरी, एक कानस, एक करवत आणि धार लावायचा दगड. "बोथट हत्यार जास्त कापतं," असे काका पोरांना बजावतात. धार नसली की जोर लावावा लागतो, जोर लावला की हत्यार निसटते आणि हातात घुसते.

त्यांचा नातू आठवीत आहे. गणित म्हटले की पळायचा. त्याला अशोकचक्र करायचे होते. चोवीस आरे सारख्या अंतरावर कसे पाडायचे? काकांनी कंपास हातात दिला. ज्या त्रिज्येने वर्तुळ काढले, तीच त्रिज्या परिघावर टाकत गेले की बरोबर सहा भाग पडतात. प्रत्येकाचे दोन केले की बारा. पुन्हा दोन केले की चोवीस, प्रत्येक आरा १५ अंशांवर. पोरगा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागचा उठला नाही. भूमितीच्या पुस्तकातले प्रमेय त्याला लाकडावर सापडले.

पण घरात सगळेच खूश आहेत असे समजू नका. काकांचा मुलगा चांगल्या नोकरीत आहे. पाहुणे येणार असले की तो म्हणतो, "बाबा, तो पसारा आत घ्या. लोक म्हणतील, अजून हमाली करायलेत." बहीण गावाहून आली की तिचा सूर वेगळा, "बापानं उपाशी राहून शाळेत घातलं ते हातानं काम सुटावं म्हणून, अन् तू पुन्हा हातातच घेतलं." या दोघांना आपण हसू नये. त्यांच्या बोलण्यात खरी वेदना आहे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या हातांवर फुकटची राबणूक लादली गेली, त्यांना मुलाचे हात मऊ राहावेत असे वाटणारच. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक आईने हेच सांगितले आहे, हातात पुस्तक घे. ते बरोबरच होते आणि आहे.

आता दुसरी बाजूही बघा. हातकामाचे गोडवे गाणारे लोक आपल्याला नवे नाहीत. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेची योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत जावे आणि उरलेला वेळ घरी बापाचा धंदा शिकावा. द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षणाची योजना म्हणून जो विरोध केला, त्यापुढे ती टिकली नाही. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने 'पीएम विश्वकर्मा' योजना सुरू केली. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार, चर्मकार, न्हावी असे १८ व्यवसाय, तेरा हजार कोटींची तरतूद, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाख कर्ज. कारागिराला पैसा मिळतो याला कुणाचा विरोध असणार? पण योजनेची भाषा कुटुंबाच्या परंपरागत व्यवसायाची आहे, गुरुशिष्य परंपरेची आहे. तामिळनाडू सरकारने नेमक्या याच मुद्द्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये ती आहे त्या स्वरूपात राबवणार नाही असे केंद्राला कळवले. कौटुंबिक व्यवसायाची अट काढा आणि किमान वय १८ ऐवजी ३५ करा, अशी त्यांची मागणी होती. अठरा वर्षांचा पोरगा कॉलेजात जायच्या वेळी बापाच्या धंद्यात ओढला जाऊ नये, एवढा साधा विचार त्यामागे होता.

म्हणून फरक नीट समजून घेतला पाहिजे. बाप करत होता म्हणून मुलाने करणे ही जात. बापाला करू दिले नाही ते मुलाने आवडीने करणे हे स्वातंत्र्य. काकांचा नातू शाळा सोडून सुतार होणार नाही. तो शाळेतून येऊन, गृहपाठ संपवून, हौसेने चक्र कोरतो. उद्या तो इंजिनिअर होईल, नाहीतर आणखी काही. पटाशी त्याच्या हाती नशीब म्हणून आलेली नाही, त्याने स्वतः उचलली आहे. चांभाराच्या पोराने चित्र काढावे, ब्राह्मणाच्या पोराने चप्पल शिवायला शिकावे, हौस म्हणून शिकावे. त्या दिवशी जातीचा एक खिळा उपटला जाईल.

आता चळवळीतल्या काही मित्रांचा आक्षेप. ते म्हणतात, बुद्धाच्या मूर्ती कोरणे म्हणजे पुन्हा मूर्तिपूजाच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. पण इतिहास काय सांगतो? सांची आणि भारहुतच्या जुन्या शिल्पांत बुद्ध माणसाच्या रूपात नाही. बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, रिकामे आसन आहे, पाऊलखुणा आहेत. मूर्ती नंतर आली. काकांनीही पिंपळपानापासून सुरुवात केली ती काही ग्रंथ वाचून नव्हे, सोपे म्हणून. पण वाट तीच निघाली. आणि मूर्ती करणे व मूर्तीला नवस बोलणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्याने ठोकळ्यातून चेहरा स्वतः काढला, नाक दोनदा मोडले, तो त्या लाकडाकडे काही मागायला जात नाही. ते लाकूड आहे हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक? खुद्द बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. ती आदर्श डोळ्यांसमोर राहावा म्हणून.

शिवाय लाकूडकामाशी धम्माचे नाते आपल्याच डोंगरांत लिहिलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, आजही जागेवर आहेत. स्तूपावरचे लाकडी छत्रही आहे. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव दरवाजाच्या कामाशी जोडलेले आहे. राजे, व्यापारी, भिक्खू यांच्या पंगतीत सुताराचे नाव दगडावर! सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी आपले काम नोंदवले आहे. हात राबवणाऱ्याला नाव असते, ही रीत त्या काळी या धम्माच्या वास्तूंत होती.

वेरूळचे दहावे लेणे तर आपल्या शहरापासून तीस किलोमीटरवर. सातव्या शतकातले हे चैत्यगृह. छताला दगडात कोरलेल्या कमानी आहेत, हुबेहूब लाकडाच्या. लाकूडकामाचा आदर इतका की दगडालाही लाकडाचे रूप दिले. म्हणून लोक त्याला 'सुतार का झोपडा' म्हणू लागले. पुढे काय झाले? आत स्तूपासमोर बसलेल्या भगवान बुद्धालाच विश्वकर्मा ठरवले गेले. दूरदूरचे सुतार येऊन विश्वकर्मा म्हणून बुद्धाला हात जोडत, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी केली आहे. त्या सुतारांचा दोष नाही. त्यांच्यापासून इतिहास लपवला गेला होता. पण आज आपण वेरूळला जातो तेव्हा कैलास पाहून परत फिरतो. पुढच्या वेळी दहाव्या लेण्यात मान वर करून कमानी मोजा.

जपानात सतराव्या शतकात एन्कू नावाचा भिक्खू होऊन गेला. जन्म १६३२, मृत्यू १६९५. गावोगाव फिरायचा, मिळेल त्या ओंडक्यातून थोड्याच घावांत बुद्धाची मूर्ती काढायचा आणि गोरगरिबांना देऊन पुढे जायचा. एक लाख वीस हजार मूर्ती करण्याचा त्याचा संकल्प होता असे सांगतात. त्यांतल्या पाच हजारांहून जास्त आज सापडल्या आहेत. घासून गुळगुळीत केलेल्या नाहीत, पटाशीचे घाव तसेच दिसतात. तरी ते चेहरे हसरे आहेत. काकांना आम्ही मोबाइलवर त्या मूर्तींची छायाचित्रे दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "हे बरं आहे. माझं नाक उडालेलं चाललं असतं त्यांना."

आज बुद्ध बाजारात स्वस्त झाला आहे. हॉटेलच्या दारात, ब्युटी पार्लरच्या काउंटरवर, श्रीमंतांच्या बागेत कारंज्याखाली तो दिसतो. साच्यातून निघालेला, रंग मारलेला. ज्यांना समतेचे नाव काढलेले चालत नाही, त्यांच्याही दिवाणखान्यात तो शोभेला आहे. आपल्याही घरात बहुतेक तोच साच्यातला आहे. विकत घेण्यात गुन्हा नाही. पण एखाद्या घरात पोरीने स्वतः कोरलेले वाकडेतिकडे पिंपळपान असेल, तर त्याची किंमत वेगळी असेल. पोरीने म्हणतो, कारण काकांच्या ओट्यावर येणाऱ्या पाच मुलांत दोन मुली आहेत आणि धार लावण्यात त्यांचा हात सर्वांत बरा आहे.

निघताना काकांनी आत नेऊन एक वस्तू दाखवली. गोधडीत गुंडाळलेला, हातभर लांबीचा सागवानी तुळईचा तुकडा, एका बाजूने जळून काळा पडलेला. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हाच्या घराचा तो तुकडा. वडिलांनी राखेतून काढून आणला. पुढे १९९४ साली नामविस्तार झाला, वडील गेले, तुकडा राहिला. "चांगलं सागवान आहे," काका म्हणाले. "यातून बाबासाहेब काढायचे होते. पण जळालेल्या भागाला पटाशी लागली की कोळसा गळतो. तो कापून टाकला तर उरलेल्यात चेहरा बसतो. कापावा का नाही, ते ठरत नाही. दहा वर्षं झाली."

आम्हालाही उत्तर सुचले नाही. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. पसारा आत घ्या म्हणणारा तोच मुलगा. त्याने तो तुकडा पुन्हा गोधडीत नीट गुंडाळला आणि जागेवर ठेवला. काही बोलला नाही.

समाजबांधवांनो, आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. तिथे वंदना होते, जयंतीची बैठक होते, काही ठिकाणी अभ्यासिकाही चालते. त्याच विहाराच्या एका कोपऱ्यात एक भक्कम टेबल, चार पटाश्या आणि एक धार लावायचा दगड ठेवायला किती खर्च येईल? डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात सगळे बसेल. शिकवायला आयटीआय झालेले, कारखान्यातून निवृत्त झालेले काका प्रत्येक वस्तीत आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक महिना करून बघा. पोरांना सुतार करायचे नाही. हत्यार हातात धरण्याचा हक्क कुणाच्या बापाचा नव्हता, एवढे त्यांच्या हाताला कळले तरी पुरे.

जयभीम!